चिलटांच्या मेंदूला पडलेली भोकं

एकाच आईबापांची दोन मुलं. एका घरात वाढलेली, एका हातचं जेवलेली. तरी एक शांत आणि दुसरं दिवसभर घर डोक्यावर घेणारं. ‘कुणावर गेलंय कोण जाणे’ म्हणून आपण विषय मिटवतो. सेमूर बेंझर या अमेरिकन शास्त्रज्ञाला मात्र तो मिटवता आला नाही. त्यांच्या दोन मुलींचे स्वभाव लहानपणापासून एकमेकींहून अगदी निराळे होते. यातलं उपजत किती आणि संस्कारांचं किती, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला. उत्तर शोधायला त्यांनी माणसं घेतली नाहीत, माकडं नाहीत की उंदीरही नाहीत. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं घेतली.

या चिलटांनी त्यांना पुढची चाळीस वर्षं कामाला लावलं. सुरुवात झाली ‘चिलट उजेडाकडे का धावतं’ या साध्या प्रश्नापासून, आणि काम जाऊन पोहोचलं माणसाच्या मेंदूची झीज करणाऱ्या आजारांपर्यंत. वाटेत या कामाचा एक धागा मुंबईच्या कुलाब्यातही येऊन गेला. कीटकाच्या वागण्यापासून माणसाच्या आजारापर्यंतची ही वाट नेमकी कशी जोडली गेली, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

पदार्थविज्ञान सोडलं, विषाणू धरले

बेंझर यांचा जन्म १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, पोलंडहून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी त्यांना भेट म्हणून सूक्ष्मदर्शक मिळाला होता, पण शिक्षण झालं पदार्थविज्ञानाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पर्ड्यू विद्यापीठात ते जर्मेनियम या अर्धवाहकावर काम करत होते. त्या गटाच्या संशोधनाचा पुढे ट्रान्झिस्टरच्या शोधाला हातभार लागला. म्हणजे हे क्षेत्र भरभराटीला येण्याच्या बेतात असताना बेंझर त्यातून बाहेर पडले. पदार्थवैज्ञानिक श्रोडिंजर यांचं ‘व्हॉट इज लाइफ?’ हे छोटं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं आणि जनुक म्हणजे नेमकं काय, या प्रश्नानं त्यांना ओढून घेतलं होतं.

जनुक म्हणजे पेशीतल्या डीएनएचा असा तुकडा, ज्यात बहुधा एखादं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती असते. १९५० च्या दशकात बेंझर यांनी जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर काम करून एका जनुकाच्या आतला नकाशा काढला. तोवर जनुक हा अखंड मणी मानला जात असे. जनुकात आत अनेक ठिकाणी बिघाड होऊ शकतो आणि त्या जागा एकामागोमाग एक मांडलेल्या असतात, हे त्यांनी दाखवून दिलं. या कामानं त्यांचं नाव झालं. शोधनिबंध इतक्या झपाट्यानं निघू लागले की त्यांचे ज्येष्ठ सहकारी मॅक्स डेलब्रुक यांनी थेट बेंझर यांच्या पत्नीला कळवलं: नवऱ्याला इतकं लिहिणं थांबवायला सांगा.

आणि खरंच, नाव झालेलं तेही क्षेत्र बेंझर यांनी सोडलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते कॅलिफोर्नियातल्या ‘कॅलटेक’ या संस्थेत मेंदूचे अभ्यासक रॉजर स्पेरी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९६७ मध्ये तिथेच कायमचे स्थायिक झाले. आता त्यांना वागण्यामागची जनुकं शोधायची होती. अनेकांना हा वेडेपणा वाटला. वागणं ही इतकी गुंतागुंतीची गोष्ट, तिचा धागा एकेका जनुकापर्यंत कसा पोहोचणार?

लग्नघरातला गैरहजर माणूस

बेंझर यांची पद्धत समजून घ्यायला एखादं लग्नघर डोळ्यांसमोर आणा. पन्नास माणसं धावपळ करतायत. कोण कशासाठी धावतंय, हे बाहेरच्याला नुसतं बघून कळत नाही. पण ऐनवेळी काका आले नाहीत आणि पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गाडीच गेली नाही, तर लगेच कळतं की त्या कामाचा काकांशी संबंध होता. मावशी आजारी पडल्या आणि रुखवत मांडायचा राहिला, की मावशींचं काम कळतं. माणसाच्या गैरहजेरीवरून त्याच्या कामाचा पत्ता लागतो.

यात दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, एका वेळी एकच माणूस गैरहजर हवा. दहा जण एकदम आले नाहीत तर नुसता गोंधळ होतो, उमगत काहीच नाही. दुसरं पथ्य अधिक महत्त्वाचं. काका नव्हते म्हणून गाडी गेली नाही, याचा अर्थ गाडी काकाच चालवणार होते असा नाही. कदाचित किल्ली त्यांच्या खिशात होती. कदाचित ड्रायव्हरला फोन तेच करणार होते. गैरहजेरी फक्त संबंध दाखवते. तो संबंध कसला, हे पुढे जाऊन तपासावं लागतं.

बेंझर यांनी पेशींच्या या लग्नघरातून एका वेळी एक जनुक गैरहजर करायचं ठरवलं. साखरेच्या पाण्यातून चिलटांना, म्हणजे या माश्यांना, एक रसायन पाजायचं. त्यानं डीएनएत कुठे ना कुठे बिघाड होतो आणि तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. मग हजारो माश्यांमधून अशी माशी हुडकायची, जिचं सगळं ठीक आहे, फक्त एकच गोष्ट बिघडली आहे.

चिलटच का?

प्रयोगशाळेतली ही माशी म्हणजे ‘ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर’. आंब्याच्या किंवा काकडी-कारल्याच्या शेतकऱ्याला छळणारी फळमाशी ती वेगळी. ही स्वयंपाकघरातली, अडीच-तीन मिलिमीटर लांबीची, लाल डोळ्यांची. पिकून आंबायला लागलेल्या फळावरच्या यीस्टवर ती जगते. म्हणून प्रयोगशाळेत तिला मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेली लापशी देतात. बाटलीच्या तळाला ही लापशी, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत शे-दोनशे माश्या, एवढ्यावर सगळं भागतं. पंचवीस अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला दहाच दिवस लागतात. मादी शेकडो अंडी घालते. म्हणजे वर्षभरात तीसहून अधिक पिढ्या पाहता येतात, तेही एका फडताळात.

थॉमस मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी शोधल्यापासून या कीटकाच्या आनुवंशिकतेचा सखोल अभ्यास झाला होता. तिच्यात गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात. तिच्या जनुकसंचाचं वाचन २००० मध्ये जाहीर झालं, तेव्हा तिच्यात सुमारे चौदा हजार जनुकं असल्याचं दिसलं. माणसात ती वीस हजारांच्या आसपास आहेत. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे माणसात आजाराला कारण होणाऱ्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद माशीत सापडले. माशी आणि माणूस यांचा समान पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. एवढ्या काळात अंगाचं रूप पार बदललं, पण चेतापेशी चालवणारी प्रथिनं बरीचशी तीच राहिली.

बेंझर यांनी सुरुवात केली तेव्हा माशी आणि माणसातलं हे साम्य माहीत नव्हतं. त्यांनी केलेली ही पैज होती.

पंधरा सेकंदांची परीक्षा

माशीच्या वागण्याची परीक्षा घ्यायची कशी? एकेक माशी पाहत बसलं तर जन्म जाईल. बेंझर यांनी साध्या नळ्यांचं एक उपकरण बनवलं. नळ्यांच्या दोन रांगा तोंडाला तोंड लावून एका चौकटीत बसवलेल्या. पहिल्या नळीत माश्या घालायच्या आणि उपकरण आपटून सगळ्यांना तळाशी आणायचं. मग ते आडवं ठेवायचं आणि दूरच्या टोकाला दिवा लावायचा. निरोगी माशी दचकली की उजेडाकडे धावते. पंधरा सेकंदांत धावलेल्या माश्या समोरच्या नळीत गेलेल्या असतात, न धावलेल्या मागे राहतात. आता वरची रांग एक घर पुढे सरकवायची, पुन्हा आपटायचं, पुन्हा दिवा.

असं काही वेळा केलं की माश्या आपोआप वेगळ्या होतात. दर वेळी धावलेल्या शेवटच्या नळीत, एकदाही न धावलेल्या पहिल्या नळीत, बाकीच्या मधल्या नळ्यांत. यातली खुबी अशी की एखादी माशी योगायोगानं एकदा अडखळली, तर ती पहिल्या नळीत पोहोचत नाही. तिथे उरतात त्या दर वेळी नापास झालेल्या. त्यांची पिलंही नापास होतात का, हे पुढे तपासायचं. ती नापास झाली तर दोष आनुवंशिक आहे. या उपकरणाचं वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याची रूपं आजही माश्यांच्या प्रयोगशाळांत वापरतात.

वेळ चुकलेल्या, थरथरणाऱ्या, विसराळू माश्या

दोष सापडू लागले आणि पाहता पाहता ढीग झाला. बेंझर यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांना वेळेचा पाढा चुकलेल्या माश्या सापडल्या. निरोगी माशीचं झोपणं-जागणं चोवीस तासांच्या चक्रात चालतं. यातल्या काहींचं चक्र १९ तासांचं होतं, काहींचं २८ तासांचं, तर काहींना चक्रच नव्हतं. तिन्ही दोष एकाच जनुकातले निघाले. १९७१ च्या त्या शोधनिबंधात या जनुकाला ‘पिरिअड’ नाव दिलं गेलं. ते नेमकं कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. यातले जेफ्री हॉल हे कधीकाळी बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत होते. संध्याकाळी साडेसातलाच झोप अनावर होते आणि पहाटे साडेचारला टक्क जाग येते, अशा काही कुटुंबांत याच जनुकाच्या मानवी भावंडात बदल असल्याचं २००१ मध्ये आढळलं.

‘शेकर’ या माशीला इथरचा वास दिला की निपचित पडण्याऐवजी तिचे पाय थरथरत राहत. त्या जनुकापासून पोटॅशियमचे भारित कण चेतापेशीबाहेर जाऊ देणारं प्रथिन बनतं, हे १९८७ मध्ये समजलं. पोटॅशियम बाहेर गेलं की विजेचा ठोका थांबतो. ते जाईनासं झालं की ठोका लांबतो आणि स्नायू उगाच हलत राहतात. माणसातल्या तशाच जनुकात बिघाड असला की मधूनमधून तोल जाण्याचे झटके येतात आणि स्नायू फडफडत राहतात.

आणि ‘डन्स’, म्हणजे ढ माशी. अमुक वासाबरोबर विजेचा धक्का बसतो, हे निरोगी माशी काही फेऱ्यांत शिकते आणि तो वास टाळते. डन्सला वास येतो, धक्काही कळतो, पण दोन्हींची सांगड तिच्या डोक्यात टिकत नाही. १९७६ साली सापडलेल्या या माशीमुळे आठवणीचा अभ्यास प्रथमच एका ठरावीक जनुकापर्यंत पोहोचला.

बिघाड अंगात कुठे आहे?

जनुक सापडलं तरी अर्धंच काम होतं. माशी उजेडाकडे जात नाही ती डोळा बिघडल्यामुळे, मेंदू बिघडल्यामुळे की पाय लुळे पडल्यामुळे? जनुक तर सगळ्याच पेशींत असतं. इथे योशिकी होत्ता आणि बेंझर यांनी अर्धनारीनटेश्वर माश्या वापरल्या. माशीच्या काही वाणांत, अंड्यातल्या पहिल्या काही विभाजनांच्या वेळी मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक हरवतं. हरवलेल्या पेशींपासून बनलेला भाग नर होतो, उरलेला मादी. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असेल तर नर भागात दोष दिसतो, मादी भागात झाकला जातो. त्याच्या जोडीला अंगाचा रंग पिवळा करणारं जनुक ठेवलं, की भिंगाखाली पाहताच कळतं, कुठला भाग सदोष आहे. सीमारेषा प्रत्येक माशीत वेगळ्या ठिकाणी पडते. कुठे डोकं सदोष, कुठे एक बाजू, कुठे फक्त पाय. अशा शेकडो माश्या पाहिल्या की दोषाचं उगमस्थान हाती लागतं.

१९७२ मध्ये या रीतीनं तपासलेल्या माश्यांत एक होती ‘ड्रॉप-डेड’. ही माशी जन्मतः ठणठणीत. चालते, उडते, खाते. मग एक दिवस ती मंदावते, तोल जाऊन पाठीवर पडते आणि काही तासांत मरते. बहुतेक माश्या पहिल्या दोन आठवड्यांतच जातात. मृत्यूचं मूळ मेंदूत आहे असं नकाशा सांगत होता. मरणाऱ्या माशीच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर तो भोकांनी भरलेला होता. तरुण ड्रॉप-डेडचा मेंदू मात्र अगदी नेहमीसारखा दिसत होता.

इथे वागण्याच्या अभ्यासाला आजाराचं दार उघडलं. जन्माला येताना धडधाकट असलेला मेंदू ठरावीक वयानंतर झिजू लागतो, हेच तर माणसाच्या हंटिंग्टन किंवा पार्किन्सनसारख्या आजारांत होतं. आणि इथे ते एका जनुकामुळे, दोन आठवड्यांत, बाटलीत घडताना दिसत होतं.

कुलाब्याचा धागा

याच सुमारास ओबेद सिद्दीकी बेंझर यांच्याकडे काम करायला गेले. उत्तर प्रदेशात जन्मलेले, अलिगढला आणि मग ग्लासगोला शिकलेले सिद्दीकी १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आले होते आणि तिथे त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. त्यांचाही आधीचा अभ्यास जिवाणूंच्या जनुकांचा. बेंझर यांच्यासारखेच तेही माशीकडे वळले.

दोघांनी मिळून अशा माश्या अभ्यासल्या, ज्या नेहमीच्या तापमानाला नीट वागतात आणि उष्णता वाढली की लुळ्या पडतात. ‘पॅरा’ नावाची माशी २९ अंशांच्या आसपास काही सेकंदांत कोसळते आणि गार केली की लगेच उठून चालू लागते. ‘कोमाटोज’ आणखी चढ्या तापमानाला पडते आणि सावरायला बराच वेळ घेते. या माश्यांचं वैशिष्ट्य असं की बिघाड हवा तेव्हा सुरू करता येतो, हवा तेव्हा थांबवता येतो. एकाच माशीच्या चेतातंतूतून जाणारा विजेचा संदेश आधी आणि नंतर मोजता येतो. १९७६ च्या त्यांच्या संयुक्त शोधनिबंधात हीच मोजमापं होती.

पुढे पॅरा हे चेतापेशीत सोडियम आत घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक असल्याचं सिद्ध झालं. सोडियम आत गेल्याशिवाय संदेश पुढे सरकतच नाही. माणसात याच घराण्यातल्या ‘एससीएन१ए’ या जनुकात बिघाड असला तर ड्रॅव्हे सिंड्रोम हा लहान मुलांमधला अपस्माराचा गंभीर प्रकार होऊ शकतो. त्यातले पहिले झटके अनेकदा तापात येतात. मुलाच्या मेंदूत नेमकं तेच घडतं असं नाही, पण बिघडलेलं प्रथिन त्याच घराण्यातलं आहे.

सिद्दीकी यांनी मुंबईत पुढे माशीच्या गंधज्ञानावर काम केलं. केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकून टीआयएफआरमध्ये आलेल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी त्यांच्याबरोबर वास न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या. सिद्दीकी आणि या कामातून घडलेली पिढी यांनी पुढे बंगळूरच्या एनसीबीएस या संस्थेचा पाया भरला. आज पुण्याच्या आयसरमध्येही माश्यांवर मेंदूच्या आजारांचं संशोधन होतं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या एएलएस या आजाराशी जोडलेल्या एका जनुकावर तिथे काम झालं आहे.

खाऊच्या नावांचे आजार

१९७८ मध्ये बेंझर यांच्या पत्नीचं निधन झालं. १९८० मध्ये त्यांनी मेंदूविकृतितज्ज्ञ कॅरल मिलर यांच्याशी विवाह केला. मृतांच्या मेंदूचे काप तपासणं हे मिलर यांचं रोजचं काम. या दोघांनी मिळून एक सरळ प्रश्न विचारला. माशीच्या मेंदूतल्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्यालाच धरणारे रेणू, माणसाच्या मेंदूत टाकले तर काय होईल? १९८३ मध्ये उत्तर आलं. तपासलेल्या १४६ प्रतिपिंडांपैकी जवळपास निम्मी माणसाच्या मेंदूतही काहीतरी ओळखीचं धरून बसली. जनुकसंच वाचायच्या सतरा वर्षं आधी मिळालेला हा इशारा होता.

१९९० च्या दशकात, सत्तरी ओलांडलेले बेंझर कमी जगणाऱ्या माश्या मुद्दाम शोधू लागले. मेंदूचे काप पाहून नावं पडली ती खाऊची. ‘स्पंजकेक’मध्ये प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या माणसाच्या क्रॉइत्सफेल्ट-याकोब आजाराची आठवण करून देणारे फुगवटे होते. ‘एगरोल’मध्ये टे-सॅक्स आजारासारखे थरावर थर गुंडाळलेले पुंजके होते. ‘स्विस चीज’ ही भोकाभोकांची माशी मूळची जर्मनीतल्या मार्टिन हायझेनबर्ग यांच्याकडची.

स्विस चीजची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. १९९७ मध्ये तिच्यातलं सदोष जनुक ओळखलं गेलं. त्या शोधनिबंधाच्या पाच लेखकांत टीआयएफआरच्या गैती हसनही होत्या. या माशीत चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी तंतूंभोवती गरजेपेक्षा जास्त वेटोळी घालतात आणि मग चेतापेशी मरतात. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दिशेनं काम करणाऱ्या विषशास्त्रज्ञांच्या हाती एक मानवी प्रथिन लागलं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या काही रसायनांची बाधा झाली की दोन-तीन आठवड्यांनी माणसाचे पाय लुळे पडतात. अमेरिकेत १९३० मध्ये भेसळीच्या पेयातून असे हजारो लोक अधू झाले होते. ही रसायनं शरीरात ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, ते हे प्रथिन. आणि त्याचा माशीतला भाऊबंद निघाला नेमका स्विस चीज! याच मानवी जनुकात आनुवंशिक बिघाड असला तर पाय हळूहळू ताठर होत जाणारा आजार होतो, हे २००८ मध्ये आढळलं. शेतात फवारणीसाठी वापरली जाणारी अनेक कीटकनाशकं याच रासायनिक गटातली आहेत. त्यातलं प्रत्येक रसायन हा उशिराचा लुळेपणा आणतं असं नाही. म्हणूनच कोणतं या प्रथिनाला धरतं आणि कोणतं नाही, हे तपासायला महत्त्व आहे.

माणसाचा आजार माशीत

इथवर वाट माशीकडून माणसाकडे होती. १९९८ मध्ये ती उलटी झाली. बेंझर यांच्याकडे काम केलेल्या नॅन्सी बोनिनी यांनी पेनसिल्व्हेनियात माणसाच्या आजाराचं जनुकच माशीत घातलं. हंटिंग्टन आणि त्याच्या काही भावंड आजारांत जनुकाचा एक छोटा भाग पुन्हापुन्हा लिहिला जातो आणि प्रथिनाला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांबलचक शेपटी लागते. हंटिंग्टनच्या जनुकात ही पुनरावृत्ती चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा झाली असेल तर आजार टळत नाही. असं लांब शेपटीचं प्रथिन माशीच्या डोळ्यात तयार करवलं, तर डोळ्याच्या पेशी झडल्या. आखूड शेपटीचं प्रथिन निरुपद्रवी राहिलं. डोळा निवडण्यामागे हिशेब होता. बाटलीतली माशी आंधळी झाली तरी जगते आणि झीज भिंगाखाली वरूनच दिसते.

आता प्रश्न उलटा विचारता येतो. झीज थांबवणारं कोण आहे? २००० मध्ये परसा काझेमी-एस्फरजानी आणि बेंझर यांनी झिजणारे डोळे असलेल्या माश्यांत एकेक जनुक वाढवून-घटवून पाहिलं. काही माश्यांचे डोळे सुधारले. त्यांतली दोन जनुकं इतर प्रथिनांच्या घड्या नीट बसवायला मदत करणाऱ्या प्रथिनांची निघाली. चुकीच्या घडीचं प्रथिन साचणं हा झिजेतला एक कळीचा टप्पा आहे, या समजुतीला त्यामुळे बळ मिळालं. त्याच वर्षी पार्किन्सनशी जोडलेलं मानवी प्रथिनही दुसऱ्या गटानं माशीत घालून दाखवलं.

> थोडक्यात
>
> • जनुकाचं काम कळायचं असेल तर ते बिघडवून काय अडतं ते पाहायचं, ही बेंझर यांची पद्धत.
>
> • माणसात आजाराशी जोडलेल्या सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद चिलटात आहेत.
>
> • वेळ, आठवण, हालचाल यांचे दोष शोधताना मेंदू झिजणाऱ्या माश्या सापडल्या आणि वागण्याचा अभ्यास आजारांकडे वळला.
>
> • उष्णतेनं लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचं पायाभूत काम मुंबईच्या ओबेद सिद्दीकी यांनी बेंझर यांच्याबरोबर केलं.
>
> • माशी आजाराची यंत्रणा दाखवते. तिच्यावर चाललेला उपाय माणसावर चालेलच असं नाही.

माशी काय सांगू शकत नाही

१९९९ मध्ये क्युंगताए मिन आणि बेंझर यांनी ‘बबलगम’ नावाची माशी मांडली. तिच्या शरीरात खूप लांब साखळीची मेदाम्लं साचतात आणि मेंदूला फुगे येतात. लहान मुलग्यांच्या मेंदूची झपाट्यानं झीज करणाऱ्या एएलडी या आजारातही अशीच मेदाम्लं साचतात. एका आईबापांनी आपल्या मुलासाठी शोधलेल्या तेलावर १९९२ मध्ये ‘लोरेन्झोज ऑइल’ हा चित्रपट निघाला होता. त्या तेलातला एक घटक लहानपणापासून बबलगम माश्यांच्या खाण्यात मिसळला, तर मेदाम्लं साचली नाहीत आणि झीज टळली.

बातमी म्हणून हे फार आकर्षक होतं. पण माणसात लक्षणं दिसू लागल्यावर हे तेल झीज थांबवत नाही. शिवाय बबलगमचं जनुक आणि एएलडीचं जनुक ही एकच नाहीत. लग्नघराचं दुसरं पथ्य इथे लागू पडतं. गाडी दोन्हीकडे गेली नाही, पण एका घरात किल्ली हरवली होती आणि दुसऱ्या घरात ड्रायव्हर आला नव्हता.

माशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आहेत आणि त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. माशी महिना-दोन महिने जगते, तर माणसाचे हे आजार अनेकदा पन्नाशी-साठीनंतर डोकं वर काढतात. त्यामुळे माशी एखाद्या औषधाची हमी देऊ शकत नाही. चौदा हजार जनुकांतली कोणती तपासावीत, हे मात्र ती स्वस्तात आणि काही आठवड्यांत सांगते. उंदरांवर हेच काम करायला वर्षं लागतात, माणसावर तर ते करताच येत नाही.

बेंझर २००७ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी वारले. तोवर ते काम करत होते. उजेडाकडे न धावणारी माशी शोधताना ड्रॉप-डेड सापडेल किंवा स्विस चीजचा संबंध विषबाधेशी निघेल, हे कुणालाही आधी लिहून देता आलं नसतं. ‘याचा उपयोग काय’ असं १९६७ मध्येच दरडावून विचारलं असतं, तर उत्तर मिळालं नसतं आणि पुढचं कामही झालं नसतं. म्हणून यापुढे ‘माश्यांवरील प्रयोगात पार्किन्सनवर उपाय सापडला’ अशी बातमी वाचली, तर दोन गोष्टी करा. घरातल्या रुग्णाचं औषध त्या बातमीवरून बदलू नका, त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा. आणि चिलटांवर पैसे खर्च करतात म्हणून त्या प्रयोगाची टिंगलही करू नका.